तक्रार बंद केली आहे

(वसईत समुद्राकडच्या गावातल्या बैठ्या घराचा ओटा. रविवार. चर्चमधली सकाळची मिस्सा नुकतीच सुटली आहे.)

उन्नती : नाही सर, मनातल्या मनात नको. मोठ्याने वाचा. तुम्हीच लिहिलंय.

व्हिव्हियन : वाचतो की. "सेन्सर बदलून झाला असेल तर आता व्यवसाय बदला. तक्रार बंद केली आहे." यात व्याकरणाची चूक दाखव मला.

उन्नती : व्याकरण उत्तम आहे.

व्हिव्हियन : मग नायगावहून इथवर रिक्षा करून यायचं कारण काय? फोन होता.

उन्नती : फोन तुम्ही उचलत नाही. मेलला उत्तर देत नाही. कुणाचा अपमान करायचा असला की मात्र पाच मिनिटांत ऑनलाइन.

व्हिव्हियन : अपमान नाही तो, निदान आहे. इतकी वर्षं मी हा कंपायलर सांभाळतोय, आणि इतकी वर्षं रोज कुणीतरी उठून सांगतो की माझा प्रोग्रॅम चालत नाही, म्हणजे तुमचा कंपायलर बिघडलाय. परवाच्याने तर फाइल सेव्हच केली नव्हती. त्याच्या आधीच्याला कॉलेजची असाइनमेंट करून हवी होती. आणि त्या कंपनीतला तो महाभाग, फुकट वापरतो आणि वर लिहितो, आमच्या रिलीजच्या आत दुरुस्त करा. मी म्हणजे त्याच्या ऑफिसातला पंखा. बटण दाबलं की फिरायचं.

उन्नती : तो वेगळा, ही सेन्सरवाली मुलगी वेगळी. हिला तुम्ही दोनदा हाकललंय.

व्हिव्हियन : दोनदा आली, दोनदा हाकलली. हिशेब चोख आहे.

उन्नती : सुमेध गेला, कळलं का?

व्हिव्हियन : कुठे गेला?

उन्नती : प्रोजेक्ट सोडून गेला. काल लिहून टाकलं त्याने. "दिवसभर बॉसचं ऐकून घेतो, कारण त्याचे पैसे मिळतात. घरी येऊन फुकटात कशाला ऐकू?"

व्हिव्हियन : हं. स्वल्पविराम दुरुस्त करणारा एक माणूस कमी झाला. आता भाषा बुडालीच म्हणायची.

उन्नती : सगळ्या टेस्ट तो चालवायचा. विंडोजचं तो बघायचा. आता उरलो तुम्ही आणि मी.

व्हिव्हियन : सुरुवातीला मी एकटाच होतो.

उन्नती : शेवटीही तेच होईल. काळजी करू नका.

फ्लॉसी : कोन आलंय रे व्हिव्या? अगं, उन्नती. केव्हा आलीस? मिस्सा सुटल्यावर मी त्या ॲंजेलाशी बोलत उभी राहिले, नाहीतर कधीच घरी असते. यानं तुला पानी तरी विचारलं का?

उन्नती : राहू दे मावशी. त्यांनी मला व्याकरण विचारलं.

फ्लॉसी : एवढा मोठा झाला, अजून मानसात बसायची अक्कल नाय. थांब, कॉफी टाकते.

व्हिव्हियन : बाय, आम्ही कामाचं बोलतोय.

फ्लॉसी : तुझं काम मला म्हाईत आहे. नोकरी सोडून दिवसभर त्या डब्यापुढं बसतोस आनि दुनियेला शिव्या घालतोस. शेजारची परवा विचारत होती, तुमचा भाऊ करतो काय? मी काय सांगू?

व्हिव्हियन : सांग, माणसांनी लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देतो. त्याला कंपायलर म्हणतात. पंप, मोटारी, लहान लहान कंट्रोल पॅनल, असल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायला मी 'आगर' नावाची भाषा केली. जगभर लोक ती फुकट वापरतात.

फ्लॉसी : मशीनला कळेल असं करतोस. मानसाला कळेल असं कधी बोलनार?

उन्नती : मावशी, बसा ना. कॉफी नंतर करू. तुम्हीपण ऐका. ज्या मुलीला सरांनी व्यवसाय बदलायला सांगितलं, ती सलोनी. वालीवला तिच्या बाबांनी उभं केलेलं छोटं वर्कशॉप आहे, आता ती चालवते. जूचंद्रकडच्या खाडीच्या बांधावर एक उघाडी आहे, त्या उघाडीचं पॅनल तिने बनवलं.

फ्लॉसी : उघाडी म्हंजे ते दार? भरतीला पाडायचं, ओहोटीला उचलायचं, तेच ना? आमच्या बापूंच्या वेळी मानसं बसायची राखायला.

उन्नती : तेच. आता तिथे मोटर आहे. पाण्याची उंची मोजणारा सेन्सर आहे. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर चढलं की प्रोग्रॅमने दार खाली घ्यायचं. प्रोग्रॅम आगरमध्ये लिहिलेला. आणि ते दार कधी पडायचं, कधी पडायचंच नाही.

व्हिव्हियन : सेन्सर गंजला असणार. खाऱ्या पाण्यात काय चांदीचा टिकतो?

उन्नती : हेच उत्तर तुम्ही तिला पहिल्यांदा दिलंत. "कंपायलर गंजत नाही, सेन्सर गंजतो. तक्रार बंद केली आहे." तिने तुमच्यावर विश्वास ठेवला, सर. ज्याने भाषा बनवली तो सांगतोय म्हटल्यावर ठेवणारच. सेन्सर काढून नवा बसवला. गावकऱ्यांना सांगितलं, आता निश्चिंत राहा. आणि गेल्या उधाणाला दार उघडंच राहिलं.

फ्लॉसी : उधाणाला? मग खारं पानी आत आलं असेल.

उन्नती : लावणी झालेल्या भातात. बांधाच्या आतली सगळी खाचरं.

फ्लॉसी : संपलं मग. यंदाचं तर गेलंच, पन मीठ एकदा जमिनीत बसलं की पुढच्या सालीपन भात सरळ उभं राहत नाय.

व्हिव्हियन : आणि हे माझ्या कंपायलरने केलं.

उन्नती : असं ती म्हणत नाही. ती फक्त म्हणते, बघा. सगळा प्रोग्रॅम सोलून सोलून तिने बारा-पंधरा ओळींचा केलाय. कुणालाही चालवून बघता येईल इतका छोटा. त्यावर तुम्ही काय लिहिलंत ते आताच वाचलंत.

व्हिव्हियन : तू चालवून बघितलास?

उन्नती : बघितला. तुम्ही?

व्हिव्हियन : बारा ओळी वाचायला मला मशीन लागत नाही.

उन्नती : म्हणजे नाही बघितला.

फ्लॉसी : आन तो तुझा डबा. इथेच आन, ओट्यावर. मलापन बघू दे.

व्हिव्हियन : तू काय बघणार आहेस त्यात?

फ्लॉसी : तुझं तोंड.

व्हिव्हियन : ठीक आहे. आणला लॅपटॉप. घे, तुझ्या समाधानासाठी. हा तिचा प्रोग्रॅम. निदान नीट लिहिलाय, एवढं मान्य करतो. पाण्याची उंची वाचणारं वेगळं फंक्शन, आणि सेन्सरच्या जागेवर 'व्होलाटाईल'ची खूण. छान. पाठ्यपुस्तक वाचलेलं दिसतंय.

उन्नती : मावशी, ती खूण म्हणजे कंपायलरला ताकीद असते, की ही जागा आपोआप बदलते, प्रत्येक वेळी नव्याने बघ. आधीचा आकडा लक्षात ठेवून भागवू नकोस.

व्हिव्हियन : आणि माझा कंपायलर ती ताकीद पाळतो. हे बघ. मशीनसाठी तयार झालेल्या सूचना. वाचा, तुलना करा, मागे जा, पुन्हा वाचा. प्रत्येक फेरीला वाचतोय. झालं समाधान? आता तिला लिही...

उन्नती : ऑप्टिमायझेशन बंद आहे तुमचं. तिने कुठे लिहिलंय बंद ठेवा म्हणून? पॅनलमधली चिप छोटी, कोड आटवून घट्ट बसवावा लागतो, ते त्यानेच होतं. चालू करा.

व्हिव्हियन : चालू केलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? हे चालू. आता बघ. वाचा, तुलना करा, मागे...

उन्नती : मागे कुठे?

व्हिव्हियन : थांब.

उन्नती : मागे कुठे जातोय, सर?

व्हिव्हियन : दिसतंय मला. आंधळा नाही मी. वाचायची सूचना फेरीच्या बाहेर गेली आहे.

फ्लॉसी : म्हंजे काय झालं?

व्हिव्हियन : म्हणजे सुरुवातीला एकदाच पाणी बघतो. मग डोळे मिटून तेवढंच पाणी आहे असं धरून बसतो. बाहेर समुद्र चढला तरी.

फ्लॉसी : आनि दार उघडं.

व्हिव्हियन : दार उघडं. पण मग कधी कधी पडायचं कसं? तिने लिहिलंय, कधी पडतं, कधी नाही. म्हणूनच मी सेन्सर म्हटलं. एकदाच वाचत असेल तर कधीच पडायला नको. उन्नती, तिकडे लाईट जाते का?

उन्नती : जूचंद्रला? लाईट कुठे जात नाही, सर? आमच्या टॉवरची लिफ्ट दिवसातून दोनदा अडकते.

व्हिव्हियन : मग तेच. लाईट गेली, आली, की पॅनल नव्याने सुरू. नव्याने सुरू म्हणजे पुन्हा एकदा वाचणं. त्या वेळी भरती असली तर दार पडलं, सगळे खूश. नवा सेन्सर लावल्यावर असंच दोन-चारदा पडलं असणार, आणि तिला वाटलं, सेन्सरच होता. उधाणाच्या दिवशी लाईट गेली नाही. आयुष्यात एकदा वीजवाल्यांनी काम नीट केलं आणि शेतं बुडाली.

उन्नती : वीजवाल्यांवर नका ढकलू.

व्हिव्हियन : ढकलत नाही. मी कसं झालं ते सांगतोय. खूण कुठे गळते ते बघू. फंक्शन लहान आहे, म्हणून कंपायलर ते उचलून फेरीतच उतरवतो, वेग वाढावा म्हणून. ते उतरवताना खूण सोबत यायला हवी. इथे... इथे येत नाही. कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? हे सुमेधचं आहे. बघ, म्हणून मी म्हणत होतो. हा माणूस स्वल्पविरामांपुरताच बरा.

उन्नती : नीट बघा.

व्हिव्हियन : नीटच बघतोय. त्याने उतरवलं आणि तपासलं नाही की खुणा आल्या का. पहिल्या वर्षाचं पोरही तपासेल. उतरवून झालं की एकदा मोजायचं, आधी किती खुणा होत्या, आता किती. एवढीशी तपासणी, ती टाकायची...

उन्नती : टाकायची की काढायची?

व्हिव्हियन : थांब. जुन्या नोंदी उघडतो.

उन्नती : सर?

फ्लॉसी : काय सापडलं रे?

व्हिव्हियन : टाकली होती त्याने. तपासणी होती. त्याने पाठवलेल्या बदलात, त्या पॅचमध्ये होती ती. मी काढली.

उन्नती : हो.

व्हिव्हियन : तुला ठाऊक होतं.

उन्नती : काल रात्रीपासून. सुमेधनेच दाखवलं, जाता जाता. मी काही बोलले नाही, कारण माझ्या तोंडून ऐकून तुम्ही म्हणाला असतात, तुला वाचता येत नाही.

व्हिव्हियन : म्हणालो असतो. मी तेव्हा त्याला लिहिलं, "भित्र्या माणसाचा कोड. कंपायलरला थंडी वाजत नाही, त्याला स्वेटर घालू नका." लोकांनी हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पाडला त्यावर. मीही हसलो होतो. वा व्हिव्हियन. काय अक्कल. स्वतःच भोक पाडायचं आणि जगाला सांगायचं, तुमचं पाणी खारट आहे. मूर्खांचा मी मुकुटमणी. मला त्या वालीवच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारायला ठेवलं पाहिजे. नको, तिथेही मी झाडूलाच दोष देईन...

उन्नती : झालं?

व्हिव्हियन : काय झालं?

उन्नती : स्वतःला हाणून झालं का? कारण तुम्हाला त्यातही मजा येतेय. कालपर्यंत सगळ्या जगात शहाणे तुम्ही, आता सगळ्या जगात मूर्ख तुम्ही. मध्ये कुठे उतरायचं नावच नाही. तिकडे जूचंद्रला कुणाला तुमच्या मुकुटाशी घेणंदेणं नाही.

फ्लॉसी : बरोब्बर बोलली.

व्हिव्हियन : मग काय करू म्हणतेस?

उन्नती : तपासणी परत टाका. खूण गळणार नाही असं दुरुस्त करा. तिच्या बारा ओळी टेस्टमध्ये घाला, म्हणजे परत कुणी मोडलं तर लगेच कळेल. आणि मोठ्या अक्षरांत जाहीर करा, की तपासणी काढल्यापासूनचे सगळे रिलीज धोक्याचे आहेत, ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. उघाडी एकच असेल, पण आगर कुणी कशाला वापरलंय, देव जाणे.

व्हिव्हियन : ते करतोच. तासाभराचं काम.

उन्नती : त्याआधी सलोनीला फोन.

व्हिव्हियन : लिहितो ना. तिच्या तक्रारीच्या रिपोर्टवरच लिहितो.

उन्नती : फोन. माझ्याकडे नंबर आहे. लावते, स्पीकरवर ठेवते. बोला.

सलोनी : हॅलो? बोल उन्नती.

व्हिव्हियन : उन्नती नाही. मी व्हिव्हियन बोलतोय. आगरचा.

सलोनी : अच्छा. बोला सर.

व्हिव्हियन : तुमची तक्रार... म्हणजे तुमचं बरोबर आहे. कंपायलर चुकतोय. आता बघितलं.

सलोनी : हो.

व्हिव्हियन : तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?

सलोनी : मला माहीतच होतं, सर. मी बघूनच लिहिलं होतं तुम्हाला. बघायचं राहिलं होतं ते तुमचं.

व्हिव्हियन : संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो. तुमच्या पॅनलसाठी वेगळं बांधून देतो, मी स्वतः येऊन बसवतो पाहिजे तर.

सलोनी : नको. पॅनल उतरवलं आम्ही. गावाने माणसं बसवलीत दारावर, जशी आधी असायची. ते म्हणतात, माणूस झोपला तर हलवून उठवता तरी येतो. मी काय उत्तर देणार?

व्हिव्हियन : चूक तुमची नव्हती. मी गावात येऊन तसं सांगतो.

सलोनी : काय सांगणार? कंपायलर, ऑप्टिमायझेशन? त्यांना पॅनल दिसतं, त्यावर माझ्या बाबांचं नाव दिसतं. बाबा रोज जातात तिकडे. लोकांबरोबर खाचरांत गोडं पाणी सोडतात, मीठ धुऊन निघावं म्हणून. बोलत कुणाशी नाहीत. तुम्ही आलात तर माझी पंचाईत होईल. सेन्सर तुमच्या सांगण्यावरून बदलला हे कळलं तर विचारतील, फोटोसुद्धा न बघितलेल्या माणसाचं तू ऐकलंस कसं?

व्हिव्हियन : माफ करा.

सलोनी : ठीक आहे.

व्हिव्हियन : ठीक नाही.

सलोनी : नाहीच आहे. पण तुम्ही फोनवर आहात आणि मला कामाला लागायचंय. एक करा. रिपोर्ट उघडा परत. मी दुसऱ्या भाषेत लिहायला घेतलंय, आगरकडे परत येणार नाही. पण तो रिपोर्ट बंद दिसतो ना, त्यावर कुणी शोधत आलं तर पहिलं वाचतं की मी वेडी आहे. तेवढं बदला. ठेवते.

फ्लॉसी : ओरडली नाय पोरगी. ओरडली असती तर बरं झालं असतं.

व्हिव्हियन : हो.

फ्लॉसी : मी कॉफी टाकते आता. साखर कमी घालते तुझ्या कपात. तुझ्या तोंडाला सवय होऊ दे.

उन्नती : रिपोर्ट उघडलात?

व्हिव्हियन : उघडला. माझी दोन्ही उत्तरं पुसतो.

उन्नती : पुसू नका. पुसलंत तर वाटेल तुम्ही तसं बोललाच नव्हतात. खाली लिहा, ही उत्तरं चुकीची होती.

व्हिव्हियन : "वरची दोन्ही उत्तरं चुकीची होती. सलोनी यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तपासणी मी काढली होती." यापुढे काहीतरी सुचतंय, पण...

उन्नती : विनोदी आहे?

व्हिव्हियन : थोडंसं.

उन्नती : मग नको.

व्हिव्हियन : दुरुस्ती झाल्यावर बघणार कोण? स्वतःची दुरुस्ती स्वतःच पास करायची नाही असा नियम आहे ना आपल्याकडे?

उन्नती : नियम आहे. तुम्ही कधी पाळलात?

व्हिव्हियन : सुमेधला विचार.

उन्नती : मी नाही विचारणार. तो माझ्यामुळे गेला नाही.

व्हिव्हियन : विचारतो मी. नाही म्हणाला तर?

उन्नती : तर नाही म्हणाला.

व्हिव्हियन : पाठवलं. उत्तर आलं लगेच. रिकामटेकडाच आहे म्हणजे... नाही, राहू दे. "कोड बघेन. तुमच्याशी बोलणार नाही. जे असेल ते उन्नतीला कळवेन."

उन्नती : मोठं मन आहे त्याचं.

व्हिव्हियन : मन कसलं, हा तर... हो. आहे. उन्नती, अशा मी बंद केलेल्या बाकीच्या किती असतील?

उन्नती : तुमच्या शेऱ्यासकट? ढीग आहे. त्यातल्या बऱ्याच खरोखरच फालतू आहेत, फाइल सेव्ह न करणाऱ्यांच्या.

व्हिव्हियन : कुठल्या फालतू आणि कुठल्या नाहीत, हे मला आता सांगता येणार नाही. मी वाचल्याच नव्हत्या. सगळ्यात जुनी काढ.

उन्नती : आता? दुरुस्ती कोण करणार?

व्हिव्हियन : ती मी करतोय, हात चालू आहेत माझे. तू वाचत जा.

उन्नती : ही बघा. "एरर चुकीच्या ओळीवर दाखवतो." तुमचं उत्तर वाचू? फार गाजलं होतं ते.

व्हिव्हियन : माझं नको. त्याचं वाच. नावापासून.